दोन दारांची खोली

भरतीची बातमी गावात आली ती जीपच्या कर्ण्यातून, आणि तीही अर्धीच. "भरती आहे हो, भरती. उद्या सकाळी कालव्याच्या खडकावर या," एवढं ओरडून जीप धुरळा उडवत पुढच्या गावाला निघून गेली. कशाची भरती, कोणाची, किती दिवसांची, हे विचारायला लोक दाराबाहेर येईपर्यंत धुरळासुद्धा खाली बसला होता. मग ज्याने त्याने आपल्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. शिंप्याला वाटलं सैन्याची, म्हणून त्याने घरात पडून असलेल्या मेहुण्याला कोरड्या तळ्याभोवती पळायला लावलं. गिरणीवालीला वाटलं दवाखान्याची गाडी येणार आणि गुडघे दुखणाऱ्यांना भरती करून नेणार. तिने कपड्यांची पिशवीच भरून ठेवली. आणि मधल्या खोलीतल्या खाटेवरून म्हातारा म्हणाला, "भरती खड्ड्याची करतात. मुरूम टाकून. माणसांची करायला माणसं काय खड्डे आहेत?"

"तुम्ही गप पडा, आबा," त्याचा धाकटा मुलगा म्हणाला.

त्याला स्वतःला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी त्याला तालुक्याला भरती केलं होतं. लोखंडी खाट, फिनेलचा वास, आणि डाव्या हाताला गुंडाळलेला थोरल्या भावाचा सदरा. सदरा रक्ताने वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. नर्सने तो कापून बादलीत टाकला, तेव्हा आत तर्जनी आणि मधलं बोट राहिली होती खरी, पण ती नुसती नावाला. तेव्हापासून ती दोन्ही बोटं सरळच्या सरळ उभी असतात. मूठ वळली तरी ती बाहेर राहतात, कुणाला तरी काहीतरी दाखवत असल्यासारखी.

नेमकी बातमी संध्याकाळी चहावाल्याकडून कळली. कालव्याच्या भिंतीला बसवायला दगड हवे होते. भिंतीला धक्का बसेल म्हणून सुरुंग लावायला बंदी, आणि खडकाच्या माथ्यावर यंत्र चढत नव्हतं. तेव्हा हाताने भोकं पाडायची, भोकांत पाचरी ठोकायच्या, आणि दगड चिरायचा. पाऊस पडेपर्यंत काम. रोज ट्रॅक्टर नेणार, रोज आणून सोडणार. भरती फक्त जोड्यांची.

"जोडी म्हणजे नवरा-बायको का?" त्याच्या बायकोने, धाकटीने, विचारलं.

"जोडी म्हणजे एक घण मारणारा आणि एक छिन्नी धरणारा," धाकटा म्हणाला. ती समजायचं ते समजली. तिने चुलीतली लाकडं जरा जोरातच मागे ओढली.

या घरात जोडी होती. नावाजलेली होती. थोरला घण मारायचा, धाकटा छिन्नी धरायचा. लांबच्या गावांतून लोक विहिरीच्या कामाला या दोघांना बोलवायचे. छिन्नी धरणाऱ्याने उकिडवं बसायचं, दोन्ही हातांनी छिन्नी उभी धरायची, प्रत्येक घावानंतर ती जराशी फिरवायची, आणि वर बघायचं नाही. मारणाऱ्याने छिन्नीच्या टोपीवरून नजर काढायची नाही. बाकी सगळं भरवशावर. वर्षानुवर्षं तो भरवसा टिकला, आणि एका सकाळी विहिरीच्या काठावर घण टोपीवर न बसता बोटांवर बसला.

थोरला म्हणाला, "तू हात हलवलास."

धाकटा खाली कळवळत म्हणाला, "हललो नाही मी."

झालं. दवाखान्यातून परत येईपर्यंत दोघांची दोन वाक्यं गावभर झाली होती. थोरल्याने चार लोकांत सांगितलं, याचा हात स्थिर राहत नाही. धाकट्याने आठ लोकांत सांगितलं, याचा घण चुकतो. गाव असं शहाणं की त्याने दोघांवरही विश्वास ठेवला. थोरल्यासमोर छिन्नी धरायला कोणी बसेना आणि धाकट्याला छिन्नी धरायला कोणी बोलवेना. दोघांनी एकमेकांच्या पोटावर असा नेमका पाय दिला होता की तसा नेम घणाचाही कधी बसला नसेल.

मग घरात भिंत आली. तीन खोल्यांचं घर: थोरल्याने डावीकडची घेतली, धाकट्याने उजवीकडची, आणि मधली म्हाताऱ्याची राहिली. तिला दोन दारं, एक इकडे उघडणारं, एक तिकडे. दोघे भाऊ बोलत नव्हते, जावा तर एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हत्या. पण म्हाताऱ्याची मात्र चंगळ होती. दोन्ही दारांतून ताटं यायची. थोरली आपलं ताट ठेवताना आवाज चढवायची, "घ्या आबा, आमच्याकडे कुणाला उपाशी ठेवायची पद्धत नाही." इकडून धाकटी तिच्यापेक्षा वाटीभर जास्त वाढायची आणि ताट आदळून ठेवायची, म्हणजे तिकडे ऐकू जावं. म्हातारा दोन्ही ताटांतलं खायचा, दोघींनाही नावं ठेवायचा, आणि खोकत आडवा व्हायचा. त्याच्या छातीत उभ्या आयुष्याची दगडाची धूळ साचली होती. बोलताना आत कोणीतरी चाळण हलवतंय असं वाटायचं.

"जाणार का उद्या?" धाकटीने विचारलं.

"जाईन. कोणीतरी जोडीदार मिळेल तिथे."

"तुम्हाला?"

त्या एका शब्दाने धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काही खोटं बोलत नव्हती. शेतात ढेकळं होती आणि विहिरीत गाळ. दुसऱ्याच्या रानात काम मागावं तर त्याचंही रान तसंच. ही भरती हुकली तर कुलूप लावून बाहेरगावी जायचं, हे दोघांचं ठरल्यासारखंच होतं. धाकटीच्या भावाने शहरात कुठेतरी एका इमारतीच्या बांधकामावर राहायला पत्र्याची खोली बघून ठेवली होती. धाकट्याला त्या खोलीचं नाव काढलं तरी गुदमरायला व्हायचं. पत्र्याच्या खोलीतून कधी कोणी परत आलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

मधल्या दारातून म्हाताऱ्याचा आवाज आला. "त्याच्याबरोबर जाऊ नकोस. हात गेला, आता डोकं जाईल."

"कोण जातंय त्याच्याबरोबर," धाकटा म्हणाला.

जरा वेळाने भिंतीपलीकडे तोच आवाज हळू झालेला ऐकू आला. म्हातारा दुसऱ्या दाराकडे तोंड करून थोरल्यालाही काहीतरी सांगत होता. शब्द कळले नाहीत.

सकाळी खडकावर अख्खी पंचक्रोशी जमली होती. शिंप्याचा मेहुणाही आला होता, पळून पळून लंगडत. मुकादम एका डब्यावर बसला होता. जाड मानेचा, पायात चामडी बूट, आणि तोंडात काडी. लोक त्याच्यासमोरून एकेक करून जात होते. तो कोणाचं नाव विचारत नव्हता. "हात," म्हणायचा. माणूस तळवे पुढे करायचा. मुकादम अंगठ्याने घट्टे दाबून बघायचा, बाजारात फळ दाबून बघतात तसं, आणि "तिकडे" किंवा "घरी" म्हणायचा.

शिंप्याच्या मेहुण्याचे तळवे बघून तो म्हणाला, "हे हात आहेत की उशा? घरी."

धाकट्याने आधी दोन-तीन ओळखीच्या घणकऱ्यांना विचारून पाहिलं होतं. एक म्हणाला, माझा जोडीदार ठरलाय. दुसरा म्हणाला, बघू. तिसरा त्याच्या उभ्या बोटांकडे बघत हसला आणि म्हणाला, "तुझा हात हलतो म्हणे. मला तुरुंगात जायचं नाही." धाकट्याने हसण्यावारी नेलं. हसताना गाल दुखले.

मुकादमापुढे आल्यावर त्याने उजवा हात पुढे केला आणि डावा मागेच ठेवला.

"दुसरा काय घरी विसरलास?"

त्याने डावा पुढे केला. मुकादमाने दोन्ही बोटं धरून वाकवायचा प्रयत्न केला. ती वाकली नाहीत. मग त्याने जरा जोर लावला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज निघू दिला नाही.

"ही कशाला ठेवलीस? शोभेला?" मुकादम म्हणाला. मागचे लोक हसले. "छिन्नी फिरवणार कशी या हाताने? घरी."

"घण मारतो मी," धाकटा म्हणाला.

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने आयुष्यात कधी जोडीत घण मारला नव्हता. एकट्याने पाचरी ठोकल्या होत्या, खुंटे ठोकले होते. पण बोटं उभी असली तरी खालची दोन आणि अंगठा मिळून दांडा पकडता येत होता. गेल्या वर्षी लाकडं फोडताना त्याने ते अजमावलं होतं.

"आणि छिन्नी कोण धरणार? तुझी बायको?"

पुन्हा हसणं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला थोरला उभा होता. त्याला मघाशी "तिकडे" म्हटलेलं होतं, हात बघून. पण तिकडे गेल्यावर त्याच्यासमोर कोणी बसायला तयार झालं नव्हतं, म्हणून तो तसाच बाजूला उभा होता, अंगावर ऊन घेत. मुकादम इतका वेळ सगळं बघत होता. कोणीतरी त्याच्या कानाला लागून दोघांची कथा सांगितली. तो काडी चावत ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर मजा आली.

"म्हणजे हा मारतो तर चुकतो आणि तो धरतो तर हलतो," तो म्हणाला. "मग उलटं करा. तू धर, तू मार. या इकडे दोघं. बघू तरी कोण खरं बोलतं ते."

लोक सरकून गोल उभे राहिले. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? थोरला जागचा हलला नाही. मुकादम म्हणाला, "नको असेल तर चालायला लागा. मागे रांग आहे." तेव्हा थोरला आला, खडकावर खूण केलेल्या जागी उकिडवा बसला आणि छिन्नी हातात घेतली. बसताना त्याचे गुडघे वाजले. दोन वर्षांत धाकट्याने त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते. मान काळी पडली होती. त्या मानेकडे बघून धाकट्याला दया वगैरे आली नाही. आता कळेल, एवढंच मनात आलं.

"धर नीट," तो म्हणाला. दोन वर्षांतला भावाशी बोललेला पहिला शब्द हा.

"तू मार," थोरला म्हणाला. त्याने नजर छिन्नीच्या टोकावर लावली, जिथे ती खडकाला टेकली होती. वर बघितलं नाही.

धाकट्याने घण उचलला. सकाळचं कोवळं ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. हात वर गेले, पाठ ताणली गेली, आणि क्षणभर त्याला छिन्नीची टोपी आणि त्याखालच्या दोन मुठी एवढंच जग दिसलं. आणता आला असता तो घण त्या मुठींवर. कोणी काही म्हटलं नसतं. चुकतंच की, सगळ्या गावाला ठाऊक होतं. हे त्याच्या मनात आलं, त्याने ते ओळखलं, आणि टोपीवर नजर ठेवून घण खाली आणला.

घण अर्ध्यावर आला तोच थोरल्याचा हात सरकला. डोळ्यांदेखत डावीकडे सरकला. धाकट्याच्या खांद्यांनी त्याला न विचारताच घण वळवला, हात वाचवायला म्हणून, आणि घण टोपीच्या कडेला घासून थोरल्याच्या मनगटाशेजारी खडकावर आदळला. दगडाची कपची उडाली. थोरल्याच्या गालावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

गर्दीतून हूं असा आवाज निघाला. मुकादम उभा राहिला.

"हात हलवलास तू," धाकटा ओरडला.

थोरल्याने छिन्नी सोडली नव्हती. त्याच्या दोन्ही मुठी होत्या तिथेच होत्या, टोपीच्या खाली वीतभर, पांढऱ्या पडेपर्यंत आवळलेल्या. तो खालीच बघत म्हणाला, "हललो नाही मी."

धाकट्याच्या हातातला घण एकदम जड झाला. हे त्याचंच वाक्य होतं. तोच सूर, तीच खाली घातलेली मान. आणि मूठ खरोखरच हललेली नव्हती. हलली असती तर छिन्नी वाकडी झाली असती, आणि ती खांबासारखी सरळ उभी होती. मग त्याने काय पाहिलं? त्याने रिकामाच घण पुन्हा सावकाश वर नेला आणि सावकाश खाली आणला, मारायला नाही, नुसता बघायला. घण खाली येताना त्याची सावली पुढे पडली आणि थोरल्याच्या मुठीवरून सरकत गेली. वरून बघणाऱ्याला सावली दिसत नव्हती. हात सरकलेला दिसत होता.

विहिरीच्या काठावर त्या दिवशी थोरल्याच्या पाठीशी ऊन होतं. धाकट्याला ते पक्कं आठवलं, कारण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर ते येत होतं.

"नाटकं पुरे," मुकादम म्हणाला. "घरी जा दोघंही."

"एकदा," धाकटा म्हणाला. "मुकादम, एकदाच मारू द्या. चुकलो तर स्वतःहून जातो."

मुकादमाला तमाशा आवडला होता. त्याने मान हलवली. धाकटा छिन्नीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला, जिथे ऊन त्याच्या कुशीवर पडत होतं आणि सावली लांब बाजूला. थोरल्याने पहिल्यांदाच मान वर केली. तो धाकट्याच्या पायांकडे बघत राहिला, मग उन्हाकडे, मग पुन्हा पायांकडे. त्याने छिन्नी पुन्हा उभी केली.

घण टोपीवर बसला. खणकन. छिन्नी फिरली. पुन्हा बसला. त्यानंतर कोणी मोजलं नाही. भोक उतरत गेलं, दगडाचं पीठ थोरल्याच्या गुडघ्यांवर जमत गेलं, आणि मुकादम काडी थुंकून म्हणाला, "तिकडे."

भरती झाली. पण घरी येताना ट्रॉलीत दोघे दोन कोपऱ्यांत बसले. धाकट्याच्या खांद्यांत कळा येत होत्या आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ऊन कुठे घ्यायचं हे त्याला आज कळलं. थोरल्याला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्याने आधी छिन्नी धरली, मग आयुष्यभर घण मारला, आणि ज्याच्यासमोर धाकट्याने दवाखान्यातून आल्या आल्या सगळी हकिगत सांगितली होती, कोण कुठे बसलं, कोण कुठे उभं होतं, ऊन कसं डोळ्यांवर येत होतं, त्याला?

तो घरात पाय न धुताच शिरला. म्हातारा खाटेवर बसून पाणी पीत होता. तिकडचं दार ओढलेलं होतं.

"घण मारणाऱ्याने ऊन पाठीशी घ्यायचं नसतं," धाकटा म्हणाला.

म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला. "नसतं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"चाळीस वर्षं घण मारलाय. मला नाही तर काय गिरणीवालीला ठाऊक असणार?"

"मी सांगितलं तेव्हाच तुम्हाला कळलं. त्याचं चुकलं नव्हतं, माझा हात हलला नव्हता. दोघंही खरं बोलत होतो."

"दोघंही खरं बोलत होतात म्हणून तर मिटत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "एक जण खोटा असता तर वर्षभरात शरमला असता."

"मग बोलला का नाहीत?"

म्हातारा खोकला. खोकला बराच वेळ चालला, आणि तो संपेपर्यंत धाकटा दारात तसाच उभा राहिला. पाठीवर हात फिरवायला गेला नाही.

"बस," म्हातारा म्हणाला.

"नाही बसत. बोला."

"तुमची आई गेली त्यानंतरचं आठवतं का तुला? कसं आठवेल. तुम्ही दोघं कामावर, गळ्यात गळा. एक घर, दोन चुली. एके दिवशी दुपार टळली तरी कोणी हाक मारली नाही. मी तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, तिकडे झालं असेल ना तुमचं. मी तिकडे गेलो. ती म्हणाली, मला वाटलं इकडे जेवलात. दोघी काही वाईट नव्हत्या. खरंच वाटलं असेल त्यांना. मी म्हटलं, हो हो, झालं, आणि येऊन इथे बसलो. मग दोन्हीकडून भांडी घासल्याचा आवाज ऐकला." त्याने ओठ पुसले. "असं एकदा नाही झालं. मागायची लाज वाटायची. जन्मभर लोकांचे दगड फोडले, आणि सुनेकडे घास मागू?"

धाकट्याने ओढलेल्या दाराकडे बघितलं.

"मग तुमचं वाजलं," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही दारांतून ताट आलं. दोन्ही भरलेली. मी विचार केला, सांगतो उद्या. उद्या पुन्हा दोन आली."

"माझ्या बोटांवर जेवलात तुम्ही. दोन वर्षं."

"जेवलो," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज जराही पडला नाही. "पोटभर जेवलो. आता जा आणि सांग त्याला. दोघं मिळून या आणि काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

धाकट्याला त्या क्षणी बापाचा तिटकारा आला. खाट उलटी करावी, म्हाताऱ्याला धरून गावासमोर उभं करावं आणि सगळं वदवून घ्यावं, असं वाटलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंत त्यानेच बांधली होती, मोडक्या हाताने, चिखल कोपराने लिंपून. पलीकडे थोरली कुणाशी तरी बोलत होती, थोरला काहीतरी उत्तर देत होता, आणि त्याचा आवाज आज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटत होता.

तो जेवला नाही. धाकटीने भरतीबद्दल विचारलं तेव्हा "झाली" एवढंच म्हणाला. ती हसली आणि भावाला निरोप पाठवायला शेजारी गेली, की खोली नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खडकावर चढले, छिन्नी धरली, घण मारला. ऊन कोणत्या बाजूला घ्यायचं हे न बोलता ठरलेलंच होतं. पाचरी बसल्या, दगड चिरला, पुढची खूण केली. पाणी प्यायला थांबले तेव्हा थोरला छिन्नीची टोपी अंगठ्याने चोळत बसला होता. तो बोलला ते छिन्नीशीच बोलल्यासारखं.

"त्या दिवशी ऊन माझ्या पाठीशी होतं."

धाकट्याने पाण्याचा डबा तोंडाला लावला.

"काल तू जागा बदललीस तेव्हा कळलं मला," थोरला म्हणाला. "मला हात हललेला दिसला होता रे. आईशपथ दिसला होता. पण तुझा हात हलला नव्हता." तो थांबला. गालावरची कालची रेघ आता काळी पडली होती. "चूक माझी होती. चार माणसांत सांगतो, म्हणशील तर."

दोन वर्षं धाकट्याने या वाक्यासाठी कान टवकारले होते. रात्री दुखणारी बोटं काखेत दाबून झोपताना त्याने ते कितीदा थोरल्याच्या आवाजात मनाशी म्हणून पाहिलं होतं. आता ते आलं, अगदी सरळ आलं. नुसतं दादा म्हटलं असतं तरी पुरे होतं. मग संध्याकाळी दोघं एका कोपऱ्यात बसून घरी गेले असते. आठवड्यात जावा बोलायला लागल्या असत्या. महिन्यात भिंत पडली असती. आणि मग एके दुपारी इकडची म्हणाली असती, तिकडे झालं असेल, आणि तिकडची म्हणाली असती, इकडे झालं असेल. कोणी वाईट नसतं. आणि हा म्हातारा, हा दुष्ट, हावरट म्हातारा, हो हो झालं म्हणून खाटेवर बसून भांड्यांचा आवाज ऐकत राहिला असता.

धाकट्याने डबा खाली ठेवला.

"आता उलटा घण डोक्यावर बसेल म्हणून चूक कबूल करतोस होय," तो म्हणाला. "हात खाली असल्यावर सगळ्यांनाच शहाणपण येतं. तोंड बंद ठेव आणि छिन्नी धर."

थोरल्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. त्याचा जबडा असा आवळला गेला की कानापाशी हाड उठून दिसलं. "थुंकतो तुझ्यावर," तो म्हणाला. उकिडवा बसला आणि छिन्नी उभी केली.

धाकट्याने घण उचलला. त्या दिवशी त्याने जन्मात कधी मारले नसतील इतके नीट घाव मारले. प्रत्येक घाव टोपीच्या मधोमध. थोरल्याचे हात छिन्नीवर निश्चल होते. भावाचा कितीही राग आला तरी ते हलणारे नव्हते. धाकट्याचे डोळे सारखे भरून येत होते आणि तो ते घामाबरोबर बाहीला पुसत होता. मुकादम येऊन बघून गेला आणि दुसऱ्या जोड्यांना म्हणाला, बघा, असं काम पाहिजे.

संध्याकाळी भिंतीपलीकडे थोरलीचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला होता. थोरल्याने घरी जाऊन सांगितलं असणार. ताट ठेवल्याचा आवाज झाला, "घ्या आबा, आमच्याकडे कुणाच्या जिवावर उठायची पद्धत नाही," आणि मग दार आदळलं. ते ऐकून धाकटीने ओठ आवळले, वाटी पुन्हा भरली, आणि ताट धाकट्याच्या हातात दिलं. "तुम्हीच द्या. मी गेले तर काहीतरी बोलेन."

तो मधल्या खोलीत आला. म्हाताऱ्याच्या पुढ्यात एक ताट होतंच. त्याने दुसरं त्याच्या शेजारी ठेवलं. म्हातारा हात न लावता बसून होता. काल रात्रीपासून तो या दाराकडे बघत बसला असावा. त्याचे डोळे लाल होते.

"सांगितलंस त्याला?"

"नाही."

"का?"

धाकट्याने ताट जरा पुढे सरकवलं. म्हातारा त्याच्या उभ्या बोटांकडे बघत राहिला, मग ताटांकडे.

"भांडलात का आज?" त्याने हळूच विचारलं.

"भांडलो."

"जोरात?"

"तो आता जन्मात बोलणार नाही माझ्याशी."

म्हाताऱ्याची हनुवटी हलायला लागली. त्याने घास उचलला, पण तोंडापर्यंत नेईना. तो हातात धरून तसाच बसला.

"जेवा, आबा," धाकटा म्हणाला. "निवेल." आणि बाहेर येऊन त्याने थोरल्याला नीट ऐकू जाईल एवढ्या जोरात दार आपटलं.